विद्यापीठीय संशोधनाचा पसारा : विज्ञान, व्यवस्थापन, शिक्षण आणि कला यांत 'पुरावा' कशाला म्हणायचे?

अनुक्रमणिका (टोपणनाव; धागाकर्ती)

मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. पदवीसाठी मान्य झालेले प्रबंध माझ्याकडे येतात. त्यांची दाखल नोंद करणे, गोषवारा वाचून विषयशीर्षके ठरवणे आणि वर्गांक देणे हे माझे रोजचे काम आहे. एकाच सकाळी टेबलावर जिवाणूंच्या विकरांवरचा प्रबंध असतो, त्याखाली लघुउद्योगांच्या उधारी-वसुलीवरचा, त्याखाली प्राथमिक वर्गात अपूर्णांक कसे शिकवावेत यावरचा आणि सर्वांत खाली एखाद्या वाद्याच्या नादगुणांवरचा. ड्युई यांच्या दशांश वर्गीकरणात हे चौघे अनुक्रमे ५७० च्या पुढे, ६५८ मध्ये, ३७० च्या पुढे आणि ७८० च्या पुढे जाऊन बसतात, म्हणजे कपाटांच्या वेगवेगळ्या ओळींत कायमचे एकमेकांपासून दूर. तरीही चौघांच्या मुखपृष्ठावर पदवी एकच छापलेली असते, आणि ती 'डॉक्टर ऑफ फिलॉसॉफी' ही असते.

हे नाव कुठून आले ते सांगितले की माझा प्रश्न कळेल. जर्मन विद्यापीठांत धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक या विद्याशाखांखेरीज जे काही उरत असे, म्हणजे भाषा, इतिहास, गणित आणि निसर्गविज्ञानेसुद्धा, ते सारे तत्त्वज्ञान विद्याशाखेत मोडत असे. १८१० मध्ये विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांच्या पुढाकाराने बर्लिनचे विद्यापीठ उभे राहिले आणि अध्यापकाने संशोधन करत शिकवावे, विद्यार्थ्यानेही त्यात सहभागी व्हावे, हा विचार तिथून पसरला. १८६१ मध्ये येल विद्यापीठाने अमेरिकेतल्या पहिल्या तीन पीएच.डी. पदव्या दिल्या. व्यवस्थापन आणि शिक्षणशास्त्र यांसारखे विषय या घरात नंतर आले, आणि कलेच्या प्रत्यक्ष सरावाला तर फारच उशिरा दार उघडले.

संशोधन म्हणजे काय याची एक कामचलाऊ व्याख्या आहे. १९६३ मध्ये इटलीतील फ्रास्काती येथे आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या तज्ज्ञांनी संशोधनावरील खर्च मोजण्याचे नियम ठरवले आणि त्या गावाच्या नावानेच ती नियमपुस्तिका आजही ओळखली जाते. २०१५ च्या आवृत्तीप्रमाणे संशोधन नवे, सर्जनशील, अनिश्चित, पद्धतशीर आणि दुसऱ्याला हाती घेऊन पुढे नेता येण्याजोगे असावे लागते. क्षेत्रे सहा मानली आहेत : निसर्गविज्ञाने, अभियांत्रिकी, वैद्यक, शेती व पशुवैद्यक, सामाजिक शास्त्रे, आणि मानव्यविद्या व कला. या पाच कसोट्यांपैकी मला 'अनिश्चित' ही सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण उत्तर आधीच ठाऊक असेल तर ते संशोधन नव्हेच. आणि पाचवी सर्वांत अवघड वाटते, कारण दुसऱ्याच्या हाती नेमके काय द्यायचे हे प्रत्येक विषयात निराळे असते.

म्हणून माझी विनंती अशी की, आपापल्या विषयात पुरावा कशाला म्हणतात आणि तो दुसरा माणूस कसा तपासतो, हे प्रत्यक्ष उदाहरणावरून सांगावे. विभागांची यादी कोणत्याही माहितीपत्रकात मिळते. मला त्या यादीच्या आतले हवे आहे.

जिवाणूघर

धागा आवडला. मी सूक्ष्मजीवशास्त्रात काम करतो, त्यामुळे उदाहरण आमच्याच घरातले देतो.

१९६० च्या दशकात इंडियाना विद्यापीठातले टॉमस ब्रॉक अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांमध्ये कोण जगते हे पाहत होते. त्यामागे औषध नव्हते, उद्योग नव्हता. इतक्या तापमानात जीव तग कसा धरतो एवढाच प्रश्न होता. त्यांना आणि त्यांचे विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना सुमारे ७० अंश सेल्सिअसला आनंदाने वाढणारा एक जिवाणू सापडला. १९६९ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि 'थर्मस ॲक्वाटिकस' असे नाव दिले. १९७६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठातल्या तिघांनी या जिवाणूतून डीएनएची प्रत काढणारे विकर वेगळे केले. १९८३ मध्ये कॅरी मलिस यांना एका खासगी कंपनीत काम करताना पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीची, कल्पना सुचली. त्या पद्धतीत डीएनएचे दोन धागे सुटे करण्यासाठी मिश्रण पुन्हा पुन्हा ९५ अंशांच्या आसपास तापवावे लागते, आणि साधे विकर दर फेरीत नष्ट होत असल्याने ते प्रत्येक वेळी नव्याने घालावे लागत असे. झऱ्यातल्या जिवाणूचे विकर ती उष्णता सोसते, त्यामुळे सगळी प्रक्रिया एका नळीत, यंत्राच्या भरवशावर चालू लागली. मलिस यांना १९९३ चे नोबेल मिळाले. आज संसर्गाच्या चाचणीपासून न्यायवैद्यकापर्यंत ही पद्धत वापरात नाही अशी जागा शोधावी लागेल.

ही कथा बहुतेक वेळा 'निरुपयोगी वाटणारे संशोधनही उपयोगी पडते' हे सांगण्यासाठी वापरली जाते, आणि मला तो वापर अपुरा वाटतो. झऱ्यांतून, चिखलांतून, समुद्रतळातून आणलेले असंख्य जिवाणू कोणाच्याही उपयोगी पडलेले नाहीत आणि पडतीलच असेही नाही. मला मोलाचे वाटते ते वेगळेच. ब्रॉक यांनी तो जिवाणू फक्त कागदावर वर्णन करून सोडला नाही. त्याचे जिवंत वाण त्यांनी अमेरिकन टाइप कल्चर कलेक्शन या संग्रहात जमा केले. पुढे ज्याला हवे होते त्याला ते मागवता आले. तुमच्या पाचव्या कसोटीचे आमच्या विषयातले उत्तर हेच आहे : निष्कर्षासोबत वाण, माध्यमाची कृती, तापमान आणि वेळ द्या, म्हणजे ज्याने तुम्हाला कधी पाहिलेलेही नाही त्याला तेच दिसले पाहिजे.

रोखठोक

विज्ञानाबद्दल शंका नाही. पण व्यवस्थापनातले संशोधन याच पंक्तीत बसवणे मला जड जाते. मी जे प्रबंध चाळले त्यांत दोनशे-तीनशे लोकांकडून प्रश्नावली भरून घेतलेली असते, 'पूर्णतः सहमत' ते 'पूर्णतः असहमत' अशी पाच घरे असतात, शेवटी काही सांख्यिकीय चाचण्या आणि 'कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन दिल्यास समाधान वाढते' असा निष्कर्ष. वरच्या व्याख्येतली 'अनिश्चितता' यात कुठे आहे? हे उत्तर प्रश्नावली छापण्याआधीच ठाऊक होते. मी हे चिडून लिहीत नाही. मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

खतावणी

रोखठोक, तुमची तक्रार रास्त आहे आणि आमच्या विषयातले लोक ती आपापसांत अधिक कडक शब्दांत करतात. सोयीने मिळेल त्या नमुन्यावर भरलेली प्रश्नावली फार तर लोक काय म्हणतात ते सांगते. ते काय करतात आणि का करतात ते सांगत नाही. पण त्यावरून सगळा विषय जोखू नये, म्हणून दोन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण अगदी साध्या प्रश्नाचे आहे : चांगले व्यवस्थापन खरोखर उत्पादन वाढवते का, की ज्या कंपन्या मुळातच चांगल्या चालतात त्यांनाच नीट व्यवस्थापन ठेवणे परवडते? आकडे कितीही गोळा केले तरी हे कोडे सुटत नाही, कारण कारण आणि परिणाम एकमेकांत गुंतलेले असतात. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या १७ कापड कंपन्यांच्या २८ कारखान्यांत यावर प्रयोग केला. काही कारखान्यांना सल्लागारांची अनेक महिन्यांची मदत विनामूल्य दिली. तुलनेसाठी ठेवलेल्या कारखान्यांची फक्त एक महिना पाहणी केली. बदल डोळे दिपवणारे नव्हते : साठ्याची नोंद, यंत्रांची ठरलेल्या वेळी देखभाल, दोषांची रोज उजळणी, कामाची जागा स्वच्छ ठेवणे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मला त्याहून लक्षणीय वाटला तो पुढचा प्रश्न, की इतका फायदा होता तर मालकांनी हे आधीच का केले नव्हते. काही पद्धती त्यांना माहीतच नव्हत्या आणि ज्या माहीत होत्या त्यांचा उपयोग होईल असे त्यांना वाटत नव्हते. अर्थशास्त्राच्या नेहमीच्या गृहीतकात नफा दिसत असताना कोणी तो सोडत नाही, आणि इथे तो वर्षानुवर्षे कारखान्याच्या जमिनीवर पडून होता. अनिश्चितता हवी होती ना, ती ही.

दुसरे उदाहरण कपाटाच्या प्रश्नाशी जोडलेले आहे. १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉईड शॅपली या दोन गणितज्ञांनी एक छोटा लेख लिहिला : दोन गटांतल्या प्रत्येकाची पसंतीची यादी असेल, तर अशा जोड्या लावता येतील का, की कोणत्याही दोघांना आपापले जोडीदार सोडून एकमेकांकडे जावेसे वाटणार नाही? त्यांनी तशा जोड्या नेहमीच लावता येतात हे सिद्ध केले आणि त्याची रीतही दिली. नंतर आल्विन रॉथ यांनी या विचाराच्या आधारे शिकाऊ डॉक्टरांची रुग्णालयांत नेमणूक करण्याची अमेरिकेतली पद्धत नव्याने बांधायला मदत केली, आणि २००४ पासून सहकाऱ्यांसह मूत्रपिंडांच्या अदलाबदलीची रचना मांडली. एखाद्याला आपल्या पत्नीला मूत्रपिंड द्यायचे आहे पण ते जुळत नाही, आणि तशीच अडचण दुसऱ्या जोडप्याची आहे. अशा जोड्यांची साखळी जुळवून जीव वाचवता येतात. शॅपली आणि रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. अनुक्रमणिका, याला तुम्ही गणितात ठेवाल, अर्थशास्त्रात ठेवाल की वैद्यकात?

रोखठोक

कापड कारखान्यांचा प्रयोग माहीत नव्हता. माझा आक्षेप मी विषयावरून काढून पद्धतीवर ठेवतो.

फळा_खडू

शिक्षणशास्त्राची बाजू मांडते. मी शिक्षक-प्रशिक्षणात आहे, आणि आमच्या विषयावर दोन उलट आरोप होतात : एक म्हणजे जे सगळ्यांना ठाऊक आहे तेच हे लोक सिद्ध करतात, आणि दुसरा म्हणजे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले वर्गात चालत नाही.

पहिल्या आरोपाचे उत्तर आधी. परीक्षेच्या आधी धडा पुन्हा पुन्हा वाचावा, हे 'सगळ्यांना ठाऊक' आहे. २००६ मध्ये सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. मग काहींनी तो पुन्हा वाचला आणि काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने तपासले तेव्हा चित्र उलटले : पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणजे त्या क्षणी 'मला येते' असे वाटणे हा शिकल्याचा पुरावा नव्हे. प्रत्येक विद्यार्थ्याचा अनुभव त्याला चुकीच्या बाजूला नेत होता, आणि ते कळायला आठवडाभर थांबून पुन्हा मोजणे आवश्यक होते. याच विषयात उलट दिशेचे कामही झाले आहे. कोणी 'पाहून' शिकते, कोणी 'ऐकून' शिकते, म्हणून प्रत्येकाला त्याच्या शैलीप्रमाणे शिकवावे, हा समज शिक्षकांत फार रुजलेला आहे. २००८ मध्ये पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासून त्या समजाला पुरेसा आधार नाही हे दाखवले. मी स्वतः अनेक वर्षे तो समज शिकवत होते. आता तो धडा मी बदलला आहे.

दुसऱ्या आरोपाचे उत्तर इतके सोपे नाही. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात ७९ शाळांतल्या ११,००० हून अधिक मुलांवर वर्गाच्या आकाराचा प्रयोग झाला. मुले आणि शिक्षक चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिक रीतीने वर्गांत वाटले गेले : १३ ते १७ मुलांचे छोटे वर्ग आणि २२ ते २५ मुलांचे नेहमीचे वर्ग. छोट्या वर्गातल्या मुलांची प्रगती स्पष्टपणे चांगली दिसली. शिक्षणात इतका स्वच्छ प्रयोग क्वचितच होतो. मग १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने राज्यभर छोटे वर्ग सुरू केले. एकदम हजारो जादा शिक्षक लागले, पूर्ण पात्रता नसलेल्यांची मोठी भरती करावी लागली, वर्गखोल्या अपुऱ्या पडल्या, आणि अपेक्षित फायदा हाती आला नाही. टेनेसीचा निष्कर्ष खोटा नव्हता. पण त्या निष्कर्षात 'पुरेसे चांगले शिक्षक उपलब्ध असताना' ही अट न लिहिता दडलेली होती.

म्हणून आमच्याकडे दोन प्रकारचे पुरावे लागतात. किती फरक पडला हे आकडे सांगतात. तो फरक कशामुळे आणि कोणत्या परिस्थितीत पडला हे कळण्यासाठी कोणीतरी महिनोन्महिने वर्गात मागच्या बाकावर बसून पाहावे, ऐकावे आणि लिहावे लागते. या दुसऱ्या कामाला 'नुसती निरीक्षणे' म्हणून कमी लेखले जाते याचे मला मनापासून वाईट वाटते.

जुनी_लिपी

कलाशाखेच्या वतीने थोडे दीर्घ लिहितो, कारण आमच्याबद्दल गैरसमज सर्वांत जास्त आहे : इथे पुरावा नसतो, केवळ मत असते.

ॲलिस कोबर न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन कॉलेजात अभिजात भाषा शिकवत होत्या. क्रीट बेटावर सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर 'लिनिअर बी' ही लिपी होती. लिपी अज्ञात, भाषा अज्ञात, आणि तोच मजकूर एखाद्या ज्ञात भाषेतही दिलेला एकही द्वैभाषिक लेख नाही. अनेक जण आधी भाषा कोणती असेल याचा तर्क करत आणि मग चिन्हांना त्याप्रमाणे उच्चार बहाल करत. कोबर यांनी हे करायचे नाकारले. अध्यापनाचा पूर्ण भार सांभाळून त्या रात्री प्रत्येक चिन्ह कोणत्या चिन्हाशेजारी, शब्दाच्या कोणत्या जागी, किती वेळा येते याची नोंद करत. युद्धकाळात कागद मिळेना, तेव्हा त्यांनी शुभेच्छापत्रांच्या आणि जुन्या पत्रकांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या केल्या आणि सिगारेटच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवल्या. त्या चिठ्ठ्या सुमारे १,८०,००० भरल्या. त्यांतून त्यांनी दाखवले की या भाषेत शब्दांची टोके विभक्तीप्रमाणे बदलतात, आणि उच्चार ठाऊक नसतानाही कोणत्या चिन्हांत व्यंजन समान आहे व कोणत्यांत स्वर समान आहे हे सांगता येते. १९५० मध्ये त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी मायकल व्हेंट्रिस यांनी त्याच पायावर लिपी उलगडली आणि ती भाषा ग्रीकचे एक अतिप्राचीन रूप निघाली. व्हेंट्रिस व्यवसायाने वास्तुविशारद होते.

आता तपासणीचे. व्हेंट्रिस यांचे वाचन बरोबर आहे हे कशावरून? सिनसिनाटी विद्यापीठाचे कार्ल ब्लेगन ग्रीसमधल्या पायलोस येथे उत्खनन करत होते. तिथे निघालेली एक पाटी उलगड्याच्या वेळी व्हेंट्रिस यांनी पाहिलेली नव्हती. १९५३ मध्ये ब्लेगन यांनी नवी उच्चारतालिका तिच्यावर लावून पाहिली. एका शब्दाचे वाचन 'ति-रि-पो-दे' आले आणि त्याच्या शेजारी तीन पायांच्या भांड्याचे चित्र होते. पुढे 'चार कानांचे' असे वाचन आले तिथे चार कानांचे भांडे, 'तीन कानांचे' आले तिथे तीन कानांचे, आणि 'बिनकानांचे' आले तिथे कान नसलेले भांडे. आधी मांडलेले अनुमान, नंतर हाती आलेली स्वतंत्र वस्तू, आणि दोहोंचा मेळ. जिवाणूघर यांनी प्रयोगशाळेबद्दल जे लिहिले त्याहून हे वेगळे आहे का, याचा विचार व्हावा.

मात्र सगळी कला या साच्यात बसत नाही. ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये एक उपयुक्त भेद केला : कलेविषयीचे संशोधन, कलेच्या माध्यमातून केलेले संशोधन, आणि कलाकृती घडवण्यासाठीचे संशोधन. पहिल्यात इतिहास आणि समीक्षा येतात, तिथे अडचण नाही. दुसऱ्यात मूर्तिकार माती आणि भट्टीवर केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवून काही नवे शोधतो, तेही समजते. तिसऱ्यात सगळा विचार अंतिम कलाकृतीतच सामावलेला असतो आणि तिथे कलावंताने काय जाणले हे दुसऱ्याच्या हाती कसे द्यायचे, हा प्रश्न उरतो. माझे मत असे की उत्तम नाटक किंवा उत्तम चित्र हे तेवढ्यानेच संशोधन होत नाही, आणि त्याने त्याची प्रतही खाली येत नाही. ते संशोधन म्हणून सादर करायचे असेल तर वाट दाखवणारी नोंद सोबत हवी : काय करून पाहिले, काय टाकून दिले आणि का. या बाबतीत माझे काही चित्रकार सहकारी माझ्याशी सहमत नाहीत, हेही सांगतो.

मोजपट्टी

मी संशोधनाच्या प्रशासनात काम करते आणि वरचे वाचताना सारखे वाटत होते की, कोबर आज असत्या तर आमच्या अर्जात त्यांनी काय भरले असते.

वेगवेगळ्या पुराव्यांचे हे वैभव एका तक्त्यात कोंबायचे काम माझ्यासारख्यांकडे येते. २०१५ मध्ये भौतिकशास्त्रातल्या हिग्ज या मूलकणाच्या वस्तुमानाचे अधिक अचूक मोजमाप प्रसिद्ध झाले त्या शोधनिबंधाला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी २४ पानांवर लेखकांची आणि संस्थांची नावे होती. याउलट इतिहासातला ग्रंथ एकटा माणूस दहा वर्षे लिहितो. भौतिकशास्त्रात दोन वर्षांत उद्धरणे मिळू लागतात. साहित्याच्या अभ्यासात पुस्तकाची दखल घेतली जायलाच तितका काळ जातो. २००५ मध्ये हिर्श यांनी सुचवलेला एच-निर्देशांक (संशोधकाचे किती लेख किमान तितक्याच वेळा उद्धृत झाले याचा आकडा) सोयीचा आहे, पण ते स्वतः भौतिकशास्त्रज्ञ आहेत आणि तो निर्देशांक दोन विषयांतल्या माणसांची तुलना करायला उपयोगी नाही. ज्या संस्थेत मी पूर्वी होते तिथे एका सहकाऱ्याने अनेक वर्षे खपून सिद्ध केलेल्या शब्दकोशाला मूल्यमापनात शून्य गुण मिळाले, कारण अर्जात 'नियतकालिकातील लेख' एवढाच रकाना होता. तो अर्ज तपासून पुढे पाठवणारी मीच होते आणि तेव्हा मी काही बोलले नाही, याची खंत आजही आहे.

वेगळे प्रयत्न झाले आहेत. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे तयार झालेल्या जाहीरनाम्याने नियतकालिकाच्या प्रभावांकावरून (त्यातल्या लेखांना सरासरी किती उद्धरणे मिळतात यावरून) संशोधकाची किंमत ठरवू नये असे सांगितले. ब्रिटनच्या २०२१ च्या मूल्यमापनात ३४ विषयगट होते, वैद्यकापासून संगीत-नाट्य-नृत्यापर्यंत, आणि प्रत्येक गटातले काम त्याच विषयाच्या जाणकारांनी वाचून ठरवले. २५ टक्के भार विद्यापीठाबाहेर झालेल्या परिणामाला होता. त्या पद्धतीवरही टीका होते आणि ती करायला प्रचंड वेळ आणि पैसा लागतो. तरी माणसाने वाचून ठरवणे हे मला रकान्यांपेक्षा न्याय्य वाटते.

जिवाणूघर

जुनी_लिपी, तुमचे उदाहरण वाचून मी माझे आधीचे वाक्य थोडे खाली आणतो. 'दुसऱ्याला तेच दिसले पाहिजे' असे मी ठामपणे लिहिले, पण प्रयोगावर चालणाऱ्या विषयांतही ते नेहमी घडत नाही. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय परिणाम होता, पुन्हा केले तेव्हा तो फक्त ३६ टक्क्यांत आला. २०१६ मध्ये अर्थशास्त्रातले १८ प्रयोग तपासले, त्यांतले ११ टिकले. याचा अर्थ बाकीच्यांनी खोटेपणा केला असा नाही. लहान नमुने, आकड्यांत हवे ते दिसेपर्यंत शोधत राहणे, आणि 'काही सापडले नाही' हा निष्कर्ष छापायला कोणी तयार नसणे, ही त्याची मोठी कारणे. त्यावरून एक प्रश्न : फसलेले प्रयोग जातात कुठे? माझे स्वतःचे तरी वहीत राहिले आहेत.

अनुक्रमणिका

सर्वांचे मनापासून आभार. खतावणी यांनी विचारले की जोड्या लावण्याचे ते संशोधन कुठे ठेवाल. दशांश वर्गीकरणात मला एकच जागा निवडावी लागते. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाचे पैलू वेगवेगळे करून चिन्हांनी जोडता येतात, त्यामुळे तिथे न्याय जास्त होतो. पण कपाटात पुस्तक शेवटी एकाच जागी उभे राहते. म्हणून मी मुख्य जागा मूळ प्रश्नावरून ठरवते आणि बाकीच्या वाटा विषयशीर्षकांतून उघड्या ठेवते.

दोन प्रतिसाद लागोपाठ वाचताना एक गोष्ट लक्षात आली. जिवाणूघर यांच्या उदाहरणात १९७६ मध्ये विकर वेगळे केले ते सिनसिनाटी विद्यापीठात, आणि जुनी_लिपी यांच्या उदाहरणात १९५३ मध्ये पाटी वाचून पाहणारे ब्लेगन तेही सिनसिनाटीचेच. एका विभागात गरम झऱ्यातला जिवाणू, दुसऱ्यात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची भांड्यांची यादी. मी विचारले होते त्या पसाऱ्याचे इतके नेमके चित्र मला कोणत्याही माहितीपत्रकात मिळाले नसते. दोन्हीकडे पुढचे काम होऊ शकले, कारण आधीच्या कोणीतरी वस्तू जपून इतरांसाठी खुली ठेवली होती : एकीकडे वाण, दुसरीकडे पाट्या आणि चिठ्ठ्या.

फसलेल्या प्रयोगांबद्दल. नियतकालिकात जागा नसलेले बरेच काही प्रबंधात असते, जिवाणूघर. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात 'ही पद्धत वापरून पाहिली, अपेक्षित परिणाम आढळला नाही' अशी दहा-पंधरा पाने असतात. पुढे त्या प्रबंधातून लेख निघतो तेव्हा ती पाने गळतात. नाट्यविषयक प्रबंधांत टाकून दिलेल्या तालमींच्या नोंदी असतात, व्यवस्थापनातल्या प्रबंधांत माहिती द्यायला नकार दिलेल्या संस्थांची संख्या असते. आजवर मी गोषवाऱ्यावरून शीर्षके देत आले, आणि गोषवाऱ्यात यातले काहीच येत नाही. गेल्या तीन दिवसांत आलेले प्रबंध मी आतून उघडून पाहिले. सात प्रबंधांपैकी चारांत अशी प्रकरणे निघाली, आणि त्या चारांच्या नोंदीत टीप-रकान्यात 'नकारात्मक निष्कर्ष : प्रकरण अमुक' असे लिहायला मी सुरुवात केली आहे. जुन्या प्रबंधांचे काम मोठे आहे, तिथे कोणत्या विषयापासून सुरुवात करावी हे तुम्ही सुचवलेत तर बरे होईल.

फळा_खडू

शिक्षणशास्त्रापासून करा. वर्गात न चाललेल्या पद्धती आम्ही दर दहा वर्षांनी नव्या नावाने पुन्हा आणतो, आणि कोणीतरी ते आधी करून पाहिले होते हे आम्हाला सांगणारे सध्या कोणी नाही. माझा स्वतःचा प्रबंधही तुमच्यासारख्याच एखाद्या कपाटात आहे. त्याचे पाचवे प्रकरण या नोंदीत बसेल.